मेंढ्याचें शिंग आणि अब्राहामाचे तीन वारस

आमच्या धर्मग्रामाचा हा महोत्सव आपण सारे ‘ज्युबिली’ या नांवानें साजरा करीत आहों. देवळावर तोरणें लागलीं, मिस्साविधीची सिद्धता झाली आणि ही स्मरणिकाहि वाचकांच्या हातीं पडत आहे. परंतु ज्या शब्दानें आपण हा आनंद व्यक्त करतों तो मुळांत कोणाचा, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो लॅटिन आहे असें सांगून पुष्कळ जण थांबतात. लॅटिनांत तो इब्री भाषेंतून आला, आणि इब्रींत ‘योबेल’ म्हणजे मेंढा किंवा मेंढ्याचें शिंग. मोशेच्या तिसऱ्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, सात वर्षांचीं सात सप्तकें लोटल्यावर पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं, देशभर शिंग फुंकावें. त्या वर्षीं विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, दारिद्र्यानें दास झालेला इब्री बांधव मोकळा व्हावा, आणि भूमीलाहि विसांवा मिळावा. पोप आठवे बोनिफास यांनीं १३०० सालीं ख्रिस्तसभेचें पहिलें ज्युबिली वर्ष जाहीर केलें. शंभर वर्षांचें अंतर पुढें पन्नासांवर व १४७५ पासून पंचविसांवर आलें; २०२५ चें पवित्र वर्ष हें त्याच परंपरेंतलें. शब्द उसना, कल्पना उसनी. आणि तीहि ज्या लोकांस ख्रिस्ती जगानें शतकानुशतकें दाराबाहेर उभें केलें त्यांच्याकडून उसनी.

यहुदी लोकांस मेंढ्याच्या शिंगाचें एवढें अगत्य कां, असें विचारलें तर उत्तरादाखल ते अब्राहामाची कथा सांगतात. ती वाचकांच्या परिचयाची आहे. वृद्धापकाळीं लाभलेला पुत्र, तीन दिवसांची वाट, पुत्राच्या पाठीवर लाकडें, पित्याच्या हातीं विस्तव व सुरी. वेदी रचली जाते, हात उगारला जातो, देवदूत हांक मारतो, आणि झुडपांत शिंगें अडकलेला एक मेंढा पुत्राच्या ऐवजीं वेदीवर जातो. यहुदी, ख्रिस्ती व इस्लाम या तिन्ही धर्मांनीं ही एकच कथा आपापल्या उपासनेच्या गाभ्यांत जपून ठेविली आहे.

शाळकरी पुस्तकांतून या तीन धर्मांची तुलना तक्ता आंखून केलेली असते. एका रकान्यांत शनिवार, दुसऱ्यांत रविवार, तिसऱ्यांत शुक्रवार; एकांत तोरा, दुसऱ्यांत बायबल, तिसऱ्यांत कुराण. परीक्षेपुरता त्याचा उपयोग होतो हें खरें. आम्ही मात्र येथें तक्ता बाजूस ठेवून त्या मेंढ्याच्या मागोमाग जाणार आहों. कारण हे तिघे कोठपर्यंत एका वाटेनें चालतात आणि नेमके कोठें फुटतात, हें त्यानेंच अधिक स्पष्ट दिसतें. अब्राहामाचा काळ इतिहासाच्या साधनांनीं निश्चित करतां येत नाहीं, हेंहि आधींच सांगून ठेवूं. बायबलबाहेर ‘इस्राएल’ हें नांव प्रथम आढळतें तें मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखांत, सुमारें ख्रि. पू. १२०८ चें, आणि अब्राहाम हा परंपरेनें त्याच्याहि कित्येक शतकें आधींचा. तेव्हां आम्ही जें सांगणार तें अब्राहामाचें चरित्र नव्हे. तीन समाजांनीं त्याला कसें आठविलें, तें होय.

यहुदी लोक या प्रसंगास बलिदान म्हणतच नाहींत. ते त्याला ‘अकेदा’, म्हणजे ‘बांधणें’, म्हणतात. इसहाक बांधला गेला, मारला गेला नाहीं, यावर त्यांचा सारा भर. भोंवतालच्या लोकांत पोटच्या मुलांचा बळी देण्याची चाल होती असें बायबलच सांगतें आणि तिचा कडक शब्दांत धिक्कार करतें. तेव्हां देवानें हात थांबविला, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. ज्या मोरिया प्रदेशांत हें घडलें त्याच नांवाच्या टेकडीवर यरुशलेमांत शलमोन राजानें मंदिर बांधलें, असें इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकांत म्हटलें आहे. तें मंदिर ख्रि. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें पाडलें, ख्रि. पू. ५१५ त दुसरें उभें राहिलें, इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें तेंहि जाळलें. वेदी गेली, आणि तिच्याबरोबर पशुबलीहि गेले. दुसरा एखादा धर्म अशा आघातानें नामशेष झाला असता. यहुदी धर्म टिकला, कारण त्याच्या रब्बींनीं वेदीच्या जागीं प्रार्थना, दानधर्म आणि शास्त्राचें अध्ययन यांस बसविलें, इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेला ‘मिश्ना’ हा ग्रंथ त्या कार्याची साक्ष देतो.

बळी बंद झाले, पण शिंग राहिलें. ‘रोश हशाना’ या नववर्षाच्या सणांत सभास्थानांत शिंग फुंकतात, आणि दुसऱ्या दिवशीं इसहाकाच्या बंधनाचा तो अध्याय वाचतात. एका जुन्या यहुदी आख्यायिकेप्रमाणें त्या मेंढ्याचें कांहींच वायां गेलें नाहीं. त्याचें डावें शिंग सीनाय पर्वतावर वाजलें, आणि उजवें, जें अधिक मोठें, तें विखुरलेल्या इस्राएलास गोळा करण्याच्या दिवशीं वाजावयाचें आहे. यहुदी धर्माचा स्वभाव या आख्यायिकेंत आला आहे. देवानें एका कुळाशीं करार केला, सीनायवर नियमशास्त्र दिलें, आणि तारणारा अजून यावयाचा आहे. तोंवर आज्ञा पाळीत वाट पाहावी.

आम्ही ख्रिस्ती लोक तोच अध्याय पुनरुत्थान रविवारच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधींत ऐकतों. मिस्साच्या प्राचीन रोमी प्रार्थनेंत अब्राहामास आपला कुलपिता म्हणून त्याच्या यज्ञाचें स्मरण केलें आहे. दुसऱ्या शतकांतील सार्दीसचे बिशप मेलितो यांनीं इसहाकाच्या पाठीवरील लाकडांत ख्रिस्ताच्या खांद्यावरील क्रूस पाहिला. संत अगुस्तीन यांस झुडपांत अडकलेल्या मेंढ्याच्या ठिकाणीं कांट्यांचा मुकुट घातलेला प्रभु दिसला. परंतु साम्याइतकाच येथें भेदहि महत्त्वाचा आहे. इसहाकाच्या ऐवजीं मेंढा आला. येशूच्या ऐवजीं कोणी आलें नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें त्या डोंगरावर पित्याकडून जें मागितलें गेलें, परंतु घेतलें गेलें नाहीं, तें कालवरी टेकडीवर देवानें स्वतः दिलें. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें येशूस देवाचा कोंकरा म्हटलें, आणि प्रत्येक मिस्सांत आम्ही तेंच नांव घेतों.

येशू यहुदी घरांत जन्मला, आठव्या दिवशीं त्याची सुंता झाली, आणि नासरेथच्या सभास्थानांत यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून त्यानें वाचला तो भाग दीनांच्या सुटकेचा व परमेश्वराच्या प्रसादाच्या वर्षाचा होता. म्हणजे ज्युबिलीचाच नाद त्याच्या पहिल्या प्रवचनांत आहे. त्याचे आद्य शिष्य सारे यहुदी होते. त्यांच्यांत पहिला मोठा वाद उद्भवला तो ग्रीक व इतर परराष्ट्रीयांस सुंतेचें बंधन घालावें कीं नाहीं, याविषयीं. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमच्या सभेंत तें घालूं नये असें ठरलें, आणि एका कुळाचा धर्म सर्व राष्ट्रांस खुला झाला. मंदिराच्या नाशानंतर दोन्ही समाज हळूहळू दुरावले. पुढें ३२५ सालीं निकेया येथील धर्मपरिषदेनें पुत्र हा पित्याशीं एकतत्त्व आहे असें जाहीर केल्यावर तर परतीची वाट उरली नाहीं.

इस्लामकडे वळतांना आमच्या कित्येक ख्रिस्ती बांधवांच्या मनांत जो एक ग्रह असतो तो प्रथम काढून टाकला पाहिजे. बकरी ईद म्हणजे केवळ पशुवधाचा सण, असें त्यांस वाटतें. वस्तुतः तो अब्राहामाचा सण आहे. महंमद पैगंबर मक्केंत इ. स. ५७० च्या सुमारास जन्मले. ६१० च्या सुमारास त्यांस पहिला साक्षात्कार झाला. ६२२ त ते मदीनेस गेले, आणि ६३२ त वारले. कुराणाच्या ३७ व्या सूऱ्यांत इब्राहीमास स्वप्न पडतें. तो तें पुत्रास सांगून त्याचें मत विचारतो, आणि पुत्र धीरानें मान्यता देतो. बायबलांत इसहाक बळी कोठें आहे असें बापास विचारतो. येथें पुत्र जाणून उमजून पुढें होतो. त्या क्षणीं दोघेहि देवास शरण गेले असें सांगतांना कुराणानें जी क्रिया योजिली आहे, तिच्याच धातूपासून ‘इस्लाम’ हा शब्द झाला आहे. शरणागति हेंच त्या धर्माचें नांव, आणि त्या शरणागतीचें चित्र म्हणजे हा पितापुत्रांचा प्रसंग.

कुराणांत त्या पुत्राचें नांव नाहीं. बहुतेक मुसलमान आज तो इस्माईल मानतात. परंतु ९२३ सालीं वारलेला थोर भाष्यकार तबरी यानें दोन्ही पक्षांचीं मतें देऊन आपला कौल इसहाकाच्या बाजूनें दिला होता. जो वाद आज धर्माधर्मांतला समजला जातो तो एके काळीं मुसलमान पंडितांच्या आपसांतहि मोकळेपणानें चालत असे. मुसलमानी परंपरेंतहि त्या मेंढ्याच्या शिंगांची आठवण आहे; तीं काब्यांत टांगलेलीं होतीं आणि ६८३ च्या वेढ्यांत काबा जळाला तेव्हां तींहि जळालीं, असें जुने लेखक सांगतात. तथापि, मेंढ्यानें कोणाचें पाप वाहिलें असें इस्लाम मानीत नाहीं. प्रत्येक जीव आपलाच भार वाहतो. बळीचें मांस व रक्त देवास पोहोंचत नाहीं, मनुष्याची भक्ति पोहोंचते, अशी कुराणाची शिकवण आहे. म्हणून ईदचें मांस घरांत, आप्तांत व गरिबांत वांटलें जातें.

आतां एका मौजेच्या गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधूं. संत पौल आपल्या पत्रांतून असा युक्तिवाद करतात कीं, अब्राहाम नीतिमान ठरला तो सुंतेच्या पूर्वीं आणि नियमशास्त्राच्या कित्येक शतकें आधीं; यास्तव जे विश्वास धरतात ते, मग ते यहुदी असोत वा नसोत, सर्व त्याचीं लेकरें. पांचशेंहून अधिक वर्षांनंतर कुराणानें तेंच शस्त्र उचललें: तोरा व शुभवर्तमान हीं दोन्ही अब्राहामानंतर उतरलीं, तेव्हां तो यहुदीहि नव्हता आणि ख्रिस्तीहि नव्हता, तो एका देवास शरण गेलेला होता. मागून येणारा प्रत्येक धर्म आधींच्याच्या पाठीमागें जाऊन त्या वृद्ध पित्याच्या तंबूंत शिरतो आणि खरा वारस मीच, असें म्हणतो. रब्बींनींहि यास उत्तर देऊन ठेविलें होतें. नियमशास्त्र दिलें जाण्यापूर्वींच अब्राहामानें तें संपूर्ण पाळलें, असें त्यांच्या ग्रंथांत आहे. म्हणजे कालगणनेचा मुद्दाच निकालांत निघाला! कोणाचें म्हणणें खरें, हा श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि आमचें उत्तर आमच्या श्रद्धांगीकारांत आहेच. परंतु तिघांचेंहि भांडण एकाच घरांतलें आहे, हें मात्र इतिहास दाखवितो.

भांडण खोटें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ‘सारे धर्म अखेर एकच’ असें म्हणून टाळी घेणारे वक्ते सभांतून पुष्कळ भेटतात. त्यांच्या सौजन्याविषयीं आदर बाळगूनहि आम्हांस तें म्हणणें पटत नाहीं. देव एक आहे, सृष्टीचा कर्ता आहे, तो न्याय करील आणि दया करील, येथपर्यंत तिघे एकत्र आहेत. पुढें येशूचें नांव निघालें कीं वाट फुटते. यहुदी त्याला मसीहा मानीत नाहींत. कुराण त्याला मसीहा म्हणतें, कुमारिकेच्या पोटीं तो जन्मला असें मानतें. एक संपूर्ण सूरा पवित्र मरियेच्या नांवाचा असून त्या ग्रंथांत नांवानें उल्लेखिलेली ती एकमेव स्त्री आहे. एवढें असूनहि येशूचें देवपुत्रत्व, त्रैक्य आणि क्रूसावरील मरण कुराण स्पष्ट नाकारतें. आमच्या धर्माचा प्राण ज्यांत आहे तेंच तेथें नाहीं. शेजाऱ्याची श्रद्धा आपल्यासारखीच आहे असें सांगणें हाहि एक प्रकारें त्याचा अपमानच. आपण तिचें वर्णन असें करावें कीं, तो जवळ उभा असला तर होय म्हणून मान हलवील.

हा प्रश्न आमच्या कोंकणास परका नाहीं. या कथेचे तिन्ही वारस आमच्या किनाऱ्यावर शतकानुशतकें शेजारी राहिले आहेत. अरब व्यापारी चौलास सैमूर म्हणत, आणि दहाव्या शतकांत मसूदी नामक प्रवाशानें तेथील मुसलमान वस्ती पाहिली होती. बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज नौगांवाजवळ गलबत फुटून किनाऱ्यास लागले; सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. घाणा चालवून तेल काढणें हा त्यांचा धंदा, आणि शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. नववर्षाच्या सणास ते ‘नव्याचा सण’ म्हणत, आणि प्रायश्चित्ताच्या दिवसास ‘दरफाळणीचा सण’. मुंबईंत १७९६ सालीं त्यांचें पहिलें सभास्थान उभें राहिलें. मशीद बंदर हें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. त्यांचा वल्हांडणाचा ‘हगादा’ ग्रंथ १८४६ सालीं मराठींत छापला गेला. त्याच्या दोनशें तीस वर्षें आधीं, १६१६ त, फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथें छापून निघालें होतें. त्याचा पहिला भाग जुन्या कराराचा असल्यामुळें त्या कुलपित्यांची कथा मराठी ओवींत आमच्या लोकांच्या कानीं पूर्वींच पडली होती.

पण याच किनाऱ्यानें दुसरेंहि पाहिलें आहे. १३२१ सालीं ठाण्यास तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती यांस काजीपुढें नेण्यांत आलें. महंमदांविषयीं त्यांचें मत विचारलें गेलें, आणि दिलेल्या उत्तरापायीं त्यांस मरण पत्करावें लागलें. त्यांचे सोबती जॉर्डानस यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. या हुतात्म्यांचें स्मरण आम्ही अभिमानानें करतों, तें योग्यच आहे. तथापि स्मरण करावयाचें तर सगळेंच करावें. गोव्यांत १५६० सालीं स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा पहिला रोख, गुप्तपणें यहुदी धर्म पाळतात असा संशय असलेल्या नव-ख्रिस्ती लोकांवर होता, आणि तिचा अंमल उत्तर कोंकणावरहि चाले. मुंबई बेट ज्यांस पोर्तुगीज सरकारानें खंडानें दिलें होतें ते विख्यात वैद्य गार्सिया द ओर्ता अशाच घराण्यांतले. हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १५६३ त गोव्यांत छापला गेला. १५६८ त ते वारले. पुढच्याच वर्षीं त्यांच्या बहिणीस, कातारीना हिला, जिवंत जाळण्यांत आलें, आणि १५८० त गार्सिया यांचीं हाडें थडग्यांतून उकरून तींहि जाळलीं. ठाण्याच्या काजीस आणि गोव्याच्या न्यायाधीशांस, दोघांसहि आपण अब्राहामाप्रमाणें देवाची आज्ञाच पाळीत आहों असें वाटत असलें पाहिजे. त्या डोंगरावर देवानें हात थांबविला होता, एवढें मात्र दोघांच्याहि ध्यानीं राहिलें नाहीं.

रोममध्यें या गोष्टींचा विचार उशिरां झाला, पण झाला. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेंत यहुदी लोकांस लावलेलें अविश्वासूपणाचें विशेषण पोप तेविसावे जॉन यांनीं १९५९ सालीं काढून टाकलें. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें जाहीर केलें कीं, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर मुळींच ठेवतां येत नाहीं. त्याच पत्रकांत, अब्राहामाप्रमाणें देवास शरण जाऊं पाहणाऱ्या मुसलमानांविषयीं ख्रिस्तसभेस आदर वाटतो असेंहि म्हटलें. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८६ सालीं रोमच्या सभास्थानांत जाऊन यहुद्यांस वडील भाऊ म्हटलें, आणि २००१ सालीं ते दमास्कसच्या मशिदींत गेले. सिद्धांतांतलें एक अक्षरहि या भेटींनीं बदललें नाहीं; वागणूक बदलली.

अब्राहाम वारला तेव्हां त्याच्या दोन पुत्रांनीं, इसहाक व इश्माएल यांनीं, त्याला मख्पेला गुहेंत पुरलें, असें उत्पत्तीच्या २५ व्या अध्यायांत आहे. ती गुहा हेब्रोन नगरांत दाखवितात. तिच्यावरील प्रचंड दगडी आवार हेरोद राजाच्या काळचें. त्यांत पुढें चर्च झालें, मग मशीद झाली, क्रूसयुद्धांत पुन्हां चर्च आणि नंतर पुन्हां मशीद. कित्येक शतकें यहुदी यात्रेकरूंस बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच येऊं देत. ती मनाई १९६७ त संपली. १९२९ च्या दंग्यांत त्या नगरांत ६७ यहुदी मारले गेले. १९९४ च्या फेब्रुवारींत एका यहुदी माणसानें त्या मशिदींत नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांस गोळ्या घालून ठार केलें. तेव्हांपासून इमारतीची वांटणी झाली आहे. इसहाकाच्या समाधीची बाजू मुसलमानांकडे, याकोबाच्या समाधीची यहुद्यांकडे, आणि आपापल्या सणांचे वर्षांतून दहा दिवस सगळी इमारत एकेका पक्षास मिळते. अब्राहामाची समाधि मधोमध येते. तिला दोन्ही अंगांस जाळीच्या खिडक्या आहेत. एकीपुढें यहुदी उभे राहतात, दुसरीपुढें मुसलमान.